सोल फूडच्या टेबलावर माळकरी सासूबाई

प्रश्न : आम्ही अटलांटाच्या उत्तरेला जॉन्स क्रीक येथे राहतो. माझे सासू-सासरे साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आले आहेत. दोघेही शाकाहारी आहेत. सासूबाई माळकरी असून एकादशीला कांदा-लसूणही खात नाहीत आणि सासऱ्यांना मधुमेह आहे. माझ्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी कृष्णवर्णीय असून जॉर्जियातच वाढलेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी मांस, अंडी आणि दूधदुभते सोडले. त्यांनी आम्हा सर्वांना शहराच्या वेस्ट एंड भागातील एका व्हीगन सोल फूड रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे पारंपरिक खाणे प्राणिजन्य काहीही न वापरता करणाऱ्या ठिकाणी, जेवायला बोलावले आहे. मी लगेच होकार दिला, पण मेनू पाहिला तर त्यात ‘चिकन’, ‘रिब्ज’, ‘फिश’ अशीच नावे दिसली. सासूबाई म्हणतात, ज्याच्या नावातच मांस आहे ते मी तोंडात घालणार नाही. त्याऐवजी एखादे भारतीय रेस्टॉरंट सुचवावे का? आणि गेलोच तर नेमके काय मागवावे? – एक वाचक, जॉन्स क्रीक, जॉर्जिया

उत्तर : भारतीय रेस्टॉरंट सुचवू नका. तुमच्या सहकारी बाईंनी ही जागा सहज निवडलेली नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत पारंपरिक सोल फूडच्या बहुतेक ठिकाणी साध्या पालेभाजीतही डुकराच्या मांसाचा तुकडा शिजलेला असतो. असे असताना जिथे तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना निःशंकपणे जेवता येईल आणि बाईंना स्वतःच्या घरच्या चवीही पाहुण्यांना दाखवता येतील, अशी जागा त्यांनी शोधून काढली आहे. त्यावर ‘पनीर मिळेल तिथे जाऊ या’ असे उत्तर गेले, तर ते कितीही गोड शब्दांत दिले तरी त्यांना लागेल.

सासूबाईंची शंका मात्र रास्त आहे आणि तिचे उत्तर त्याच मेनूत आहे. फक्त ते पहिल्या रकान्यात नाही. मेनूचा खालचा भाग पाहा, जिथे ‘साइड्स’ म्हणून पदार्थ दिलेले असतात : कोलार्ड ग्रीन्स, ब्लॅक-आइड पीज, कँडीड याम्स, भेंडी, कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा पाव), मॅक अँड चीज (चीजमधली मॅकरोनी). दक्षिणेकडील खानावळीत एक मुख्य पदार्थ आणि दोन-तीन साइड्स अशी थाळी मागवण्याची रीत आहे, आणि केवळ साइड्सची ‘व्हेजिटेबल प्लेट’ मागवण्याचीही तितकीच जुनी रीत आहे. तेव्हा मुख्य पदार्थ वगळून चार साइड्स मागवल्यास तिथे कोणी भुवई उंचावत नाही. माझ्या मते या पाकपरंपरेचे खरे मर्म त्या साइड्समध्येच आहे, आणि सासूबाईंना जेवायला न्यायचे ते त्यांच्यासाठी.

हे जरा विस्ताराने सांगतो, कारण ‘मांसाहारी खाणे मोडून-तोडून शाकाहारी केले’ असा ग्रह मनात घेऊन तुम्ही टेबलाशी बसू नये असे मला वाटते. भेंडी आणि चवळी ही दोन्ही पिके आफ्रिकेतली. गुलामांच्या व्यापारातून ती अटलांटिकपार गेली आणि ज्यांना बेड्या घालून नेले त्यांच्याच हातांनी तिथल्या मातीत रुजली. ब्लॅक-आइड पीज म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली चवळीच आहे. तीच चवळी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून भारतातही आली. मका आणि रताळे ही मूळची अमेरिका खंडातली पिके. पश्चिम आफ्रिकेत सुरणासारखा मोठा कंद रोजच्या जेवणात असे. तो इथे मिळेना, तेव्हा त्याची जागा रताळ्याने घेतली आणि नाव मात्र ‘याम’ हेच राहिले. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील भातशेती पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या कष्टावर आणि कसबावर उभी राहिली. मळ्यांवरील गुलामांना आठवड्याच्या शिध्यात बहुधा मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस आणि थोडी काकवी मिळे. त्याला जोड असे ती झोपडीमागच्या तुकड्यात स्वतः लावलेल्या भाजीपाल्याची. म्हणजे रोजच्या ताटाचा मोठा भाग धान्य, कडधान्य आणि पाला हाच होता आणि मांसाचा तुकडा आला तर तो भाजीला चव आणण्यापुरता. ताटभर तळलेली कोंबडी हा रविवारचा किंवा सणाचा थाट होता. विसाव्या शतकात, साधारण 1910 ते 1970 या काळात, सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यू यॉर्क अशा शहरांत गेली. त्यांच्याबरोबर हे खाणे तिकडे पोहोचले, 1960च्या दशकात ‘सोल फूड’ या नावाने ते प्रसिद्ध झाले, आणि हॉटेलांच्या मेनूत सणाचे पदार्थ वर चढले व रोजचे खाली गेले. तुम्ही पाहिलेल्या मेनूची मांडणी तशी आहे ती यामुळे.

व्हीगन स्वयंपाक्याला मग बदलावे काय लागते? मुख्यतः चरबी आणि धूर. कोलार्ड ही कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी, रुंद आणि जाड पानांची भाजी आहे. ती पारंपरिक रीतीने हॅम हॉक, म्हणजे धुरावलेल्या डुकराच्या पायाचा सांध्याकडचा तुकडा, किंवा धुरावलेली टर्की घालून मंद आचेवर बराच वेळ शिजवतात. व्हीगन स्वयंपाकघरात हे काम कांदा, लसूण, स्मोक्ड पॅप्रिका ही धुरावलेल्या मिरचीची पूड, थोडे व्हिनेगर आणि सुकी लाल मिरची करते; कोठे कोठे लिक्विड स्मोकचे, म्हणजे लाकडाचा धूर पाण्यात उतरवून केलेल्या अर्काचे, दोन-चार थेंबही पडतात. त्यामुळे भाजीला मांसासारखा वास आला असे सासूबाईंना क्षणभर वाटेल. तो वास लाकडाच्या धुराचा असतो, हे त्यांना घरूनच सांगून ठेवा. टेबलावर सांगायला गेलात तर घास घशात अडकेल. भाजीच्या तळाशी जो हिरवट रस उरतो त्याला तिथे ‘पॉट लिकर’ म्हणतात आणि त्यात कॉर्नब्रेड बुडवून किंवा कुस्करून खातात. साताऱ्याच्या माणसाला हे शिकवावे लागणार नाही. आमटीत भाकरी कुस्करणारा हात इथेही आपोआप चालतो.

आता त्या ‘चिकन’, ‘रिब्ज’ आणि ‘फिश’विषयी. हे पदार्थ बहुधा सेटानचे, म्हणजे कणकेतला स्टार्च धुऊन टाकल्यावर उरणाऱ्या चिवट गहू-प्रथिनाचे, किंवा सोयाबीनचे, धिंगरी अळिंबीचे, कोवळ्या फणसाचे वा केळफुलाचे केलेले असतात. माशाचा वास येण्यासाठी त्यात समुद्री शेवाळाची पूड घालतात. त्यांत सासूबाईंच्या माळेला बाध येईल असे काहीही नाही. तरीही तुम्ही त्यांना आग्रह करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी लहानपणी आजीच्या हातची तळलेली कोंबडी खाल्ली आणि पुढे प्रकृतीसाठी, धर्मासाठी किंवा प्राण्यांच्या कणवेपोटी ती सोडली, त्यांच्यासाठी हे पदार्थ आहेत. सोडलेल्या चवीची आठवण ते जपतात. सासूबाईंपाशी अशी आठवणच नाही, तेव्हा त्यांना त्या पदार्थातून मिळणार ती फक्त किळस. तुम्ही आणि तुमचे पती मात्र एखादा पदार्थ जरूर मागवा, कारण सहकारी बाईंना तो तुम्हाला चाखवावासा वाटेल. सासऱ्यांचा निर्णय सासऱ्यांवर सोडा. साठी उलटलेली पुरुषमंडळी अशा वेळी घरातल्या इतरांपेक्षा धीट निघतात, असा माझा अनुभव आहे.

मॅक अँड चीजबद्दल एक इशारा. कृष्णवर्णीय कुटुंबांच्या रविवारच्या आणि सणाच्या टेबलावर याला मोठा मान असतो आणि ते कोणी केले यावर नातेवाइकांत अहमहमिका चालते. व्हीगन प्रकारात चीजऐवजी काजूची पेस्ट, न्यूट्रिशनल यीस्ट ही चीजसारख्या चवीची यीस्टची पूड किंवा वनस्पतिजन्य चीज असते. हा पदार्थ सगळ्यांत जास्त निराशा करू शकतो, असे मी म्हणेन, कारण खाणारा दुधाच्या चीजची अपेक्षा ठेवून बसतो. ओव्हनमध्ये भाजून वरचा थर खरपूस झाला असेल तर घ्या; नुसता पिवळा लगदा दिसला तर तो घास मुलांसाठी ठेवा. घरात कोणाला काजूची अॅलर्जी असल्यास मात्र आधी विचारल्याशिवाय घेऊ नका.

सासूबाईंसाठी मी असे ताट सांगेन : चवळी आणि भात, कोलार्ड, भेंडी-टोमॅटोची पातळ भाजी, कॉर्नब्रेड, आणि थोडे कँडीड याम्स. हे शेवटचे म्हणजे केशरी रताळ्याचे काप तपकिरी साखर, दालचिनी आणि जायफळ घालून शिजवलेले असतात. उपासाला रताळ्याचे गोड काप करणाऱ्या घरात त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. चवळी-भाताच्या जोडीला ‘हॉपिन जॉन’ म्हणतात आणि 1 जानेवारीला तो पालेभाजीबरोबर खाल्ला की वर्ष भरभराटीचे जाते, असा दक्षिणेत समज आहे. पाला म्हणजे नोटा, असे ते गणित. सासूबाईंना ही गोष्ट आवडेल. नाश्त्याच्या वेळी गेलात तर ग्रिट्स, म्हणजे मक्याचा भरड रवा मऊ शिजवून केलेला पदार्थ, मिळेल. तो बेचव वाटला तर दोष पदार्थाचा नाही. त्यावर काय घालून घ्यायचे हे सहकारी बाईंना विचारा. कॉर्नब्रेडमध्ये साखर असावी की नसावी यावर दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. त्यात पाहुण्याने बाजू घेऊ नये.

कांदा-लसणाचे सांगायचे तर या स्वयंपाकात तो जवळजवळ सर्वत्र असतो, आणि भाजी मोठ्या भांड्यात आधीच शिजलेली असल्यामुळे ‘आमच्यापुरता काढून द्या’ असे म्हणण्यात अर्थ नाही. तळलेल्या पदार्थांच्या पिठातही लसणाची पूड असू शकते. यावर उपाय एकच : पंचांग पाहून एकादशी टाळून तारीख ठरवा, आणि तारीख आधीच ठरली असून नेमकी एकादशी आली असेल तर सहकारी बाईंना कारण सांगून दिवस बदलून मागा. धर्माच्या कारणासाठी आहार पाळणे हे त्यांच्या समाजाला अजिबात परके नाही.

उलट, व्हीगन सोल फूडच्या घडणीत श्रद्धेचा वाटा मोठा आहे, आणि हे सासूबाईंना सांगितलेत तर त्यांची अर्धी अढी तिथेच सुटेल. नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या धार्मिक संघटनेचे नेते एलाइजा मुहंमद यांनी अनुयायांना डुकराचे मांस पूर्ण वर्ज्य केले आणि गुलामीच्या काळातील खाण्याच्या सवयी टाकून देण्यास सांगितले. ते व्हीगन नव्हते, पण ‘आपण काय खातो आणि का’ हा प्रश्न त्यांनी घरोघर नेला. त्या चळवळीतून लोकप्रिय झालेला बीन पाय हा पांढऱ्या घेवड्याचा गोड पदार्थ आहे, आणि पुरणावर वाढलेल्या माणसाला कडधान्याचे पक्वान्न पाहून नवल वाटणार नाही. मूळ पाककृतीत अंडी व दूध असते, म्हणून तो फक्त पूर्ण व्हीगन ठिकाणीच घ्या. आफ्रिकन हिब्रू इस्राएलाइट्स हा शिकागोतील कृष्णवर्णीयांचा पंथ 1967 साली लायबेरियाला आणि 1969 पासून इस्राएलमधील दिमोना गावी जाऊन राहिला. देवाने माणसाला अन्न म्हणून बी देणारी झाडेझुडपे दिली, या बायबलच्या उत्पत्ती ग्रंथातील वचनाच्या आधारे तो व्हीगन झाला, आणि त्याच पंथाच्या लोकांनी शिकागो, अटलांटा, वॉशिंग्टन अशा शहरांत ‘सोल व्हेजिटेरियन’ नावाची उपाहारगृहे चालवली. वेस्ट एंडला व्हीगन खाण्याची जी जुनी ओळख आहे, तिच्यात त्यांचा वाटा आहे.

विनोदकार आणि नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते डिक ग्रेगरी 1960च्या दशकात शाकाहारी झाले; मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर अहिंसेचे व्रत घेतल्यावर ‘हत्या करू नकोस’ ही आज्ञा माणसांपुरतीच का थांबावी, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्यामुळे किंग यांचे पुत्र डेक्स्टर व्हीगन झाले आणि पुढे आयुष्याच्या अखेरच्या काळात किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनीही तो आहार स्वीकारला. किंग स्वतः 1959 साली गांधीजींच्या देशात येऊन गेले होते, आणि त्यांचे जन्मघर अटलांटातच, ऑबर्न अॅव्हेन्यूवर आहे. त्याच दिवशी जेवणाआधी ते सासू-सासऱ्यांना दाखवता आले तर पाहा.

सासऱ्यांच्या मधुमेहाकडे मात्र डोळेझाक करू नका. व्हीगन म्हणजे पथ्याचे, हा समज सोल फूडच्या बाबतीत साफ चुकीचा आहे; साखर, मीठ आणि तळण इथेही सढळ हाताने असते. स्वीट टी हा बर्फाचा कोरा चहा बेदम गोड असतो, म्हणून ऑर्डर देतानाच ‘अनस्वीट’ म्हणा. कँडीड याम्स आणि पीच कॉब्लर हे पीच फळाचे भाजलेले पक्वान्न यांचा एखादा घास सुनेच्या ताटातून घेऊ द्या, स्वतंत्र वाटी नको. चवळी, कोलार्ड आणि भेंडी त्यांनी पोटभर खावी. ते रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेत असतील तर कोलार्डही एकदम भरपूर खाऊ नये, कारण त्यातील ‘के’ जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरोधात काम करते. डॉक्टरांना आधी विचारून घ्या. जेवण यायला वेळ लागू शकतो, तेव्हा त्यांच्या औषधाची वेळ सांभाळून निघा.

जाण्याआधी त्या ठिकाणी एक फोन करून दोन गोष्टी विचारा. सारे स्वयंपाकघर व्हीगन आहे की फक्त काही पदार्थ, हे पहिले; कारण ‘व्हीगनही मिळते’ अशा ठिकाणी भेंडी आणि कोंबडी एकाच तेलात तळलेली असू शकते. टेबलावर वाढतात की काउंटरवरून घ्यायचे, हे दुसरे. काउंटरची पद्धत असेल तर तुमचे काम सोपे होईल, कारण सासूबाईंना काचेपलीकडचे पदार्थ डोळ्यांनी पाहून बोटाने दाखवता येतील. हीच दक्षता पुढेही ठेवा : या जेवणाने धीर येऊन उद्या एखाद्या पारंपरिक सोल फूडच्या ठिकाणी गेलात, तर तिथली पालेभाजी, चवळी, बिस्किटे (म्हणजे तिथले मऊ, छोटे पाव), कॉर्नब्रेड यांपैकी काहीही विचारल्याशिवाय शाकाहारी धरू नका. याम्सवर मार्शमॅलो, म्हणजे साखरेच्या स्पंजासारख्या मऊ गोळ्या, दिसले तर त्यात जिलेटिन असते, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेला पदार्थ.

टेबलावर सर्वांत चांगला प्रश्न म्हणजे ‘तुमच्या घरी यातले काय काय होत असे?’ हा विचारून पदार्थ निवडायचे काम सहकारी बाईंवर सोपवा. गुलामीच्या इतिहासाची चौकशी आपण होऊन करू नका. त्या बोलल्या तर मन लावून ऐका. पिशवीतून लोणचे किंवा चटणी काढू नका. तिखट हवे असेल तर टेबलावर हॉट सॉस आणि मिरच्या मुरवलेले व्हिनेगर असते. ते पालेभाजीवर घालायचेच असते. दही किंवा तूप मागू नका, हे सासूबाईंना आधी समजावा, कारण शाकाहारी ठिकाणी ताक मिळत नाही हे आपल्याकडच्या माणसाला पटकन उमगत नाही. ताटात फार वाढले जाईल; उरलेले डब्यात बांधून घरी नेणे तिथे संकोचाचे नाही. बोलावणे त्यांचे आहे, तेव्हा बिल त्या देतील. तुम्ही एकदा वाटा देऊ करा आणि त्यांनी नको म्हटले तर ओढाताण करू नका. टिप देण्याची संधी मात्र मागून घ्या. वेटर वाढत असेल तर बिलाच्या 18 ते 20 टक्के द्यावे.

परतीचे आमंत्रण तुम्ही देणारच, आणि खरी परीक्षा तिथे आहे. आपल्या शाकाहारी घरात व्हीगन पाहुण्याला चालणार नाही असे पुष्कळ असते : वरणावरचे तूप, कढी, श्रीखंड, दह्यातली कोशिंबीर, दुधाचा चहा. तेलाच्या फोडणीची आमटी, भरली वांगी, मटकीची उसळ, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, ज्वारीची भाकरी, नारळाच्या दुधाची सोलकढी आणि तेलावर भाजलेली पुरणपोळी असा बेत करा, म्हणजे कोणाच्याच ताटात उणे राहणार नाही. फक्त सासूबाईंना आदल्या दिवशी आणि पुन्हा पाने मांडताना सांगून ठेवा, की पाहुणीच्या पोळीवर तूप सोडायचे नाही. सवयीचा हात आहे, तो लगेच आवरत नाही.